तुलना करायची तर पहिल्या सहा हंगामांची

अलाबामा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ हरला की दुसऱ्या दिवशी एकच सूर लागतो : निक सेबन असते तर असं झालं नसतं. सेबन जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. सतरा हंगामांत त्यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्यांच्या जागी आलेल्या केलन डिबोअर यांच्या पहिल्याच हंगामात संघ व्हँडरबिल्टसारख्या दुबळ्या मानल्या गेलेल्या संघाकडून ३५-४० असा हरला आणि नऊ विजय, चार पराभव अशी अखेर झाली. तेव्हापासून या माणसाच्या प्रत्येक निर्णयाला सेबन यांची फूटपट्टी लावली जाते. पण ती फूटपट्टी कोणत्या सालच्या सेबन यांची? २००७ मध्ये, अलाबामातल्या आपल्या पहिल्या हंगामात, सेबन सात सामने जिंकले आणि सहा हरले होते. त्यांतला एक पराभव घरच्या मैदानावर लुईझियाना-मन्रोसारख्या छोट्या संघाकडून होता, १४-२१ असा.

वारसदाराची तुलना करूच नये, असं मी म्हणत नाही. तुलना होणारच. ती प्रामाणिक असावी, एवढाच माझा आग्रह आहे. अप्रामाणिक तुलनेची किंमत काय पडते, हे पाहायला नेब्रास्काकडे वळावं लागेल.

नेब्रास्का हे शेतीप्रधान राज्य. तिथे एकही मोठा व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे लिंकन शहरातला विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. मेमोरियल स्टेडियममधल्या प्रत्येक सामन्याची तिकिटं नोव्हेंबर १९६२ पासून संपत आली आहेत. सामन्याच्या दिवशी हे मैदान लोकसंख्येने राज्यातलं तिसरं शहर होतं, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. अशा ठिकाणी प्रशिक्षकाची खुर्ची साधी राहत नाही.

या वैभवाचा पाया बॉब डिव्हेनी यांनी घातला. १९६२ पासून अकरा हंगाम, १०१ विजय, १९७० आणि १९७१ ची लागोपाठ राष्ट्रीय विजेतेपदं. १९७३ मध्ये त्यांनी सूत्रं आपले सहायक टॉम ऑसबोर्न यांच्याकडे दिली आणि ऑसबोर्न यांच्यामागे तुलनेचं शुक्लकाष्ठ लागलं. ओक्लाहोमा हा नेब्रास्काचा जुना प्रतिस्पर्धी. त्याच्याकडून ऑसबोर्न पहिली पाच वर्षं लागोपाठ हरले. चांगले आहेत, पण डिव्हेनी नव्हेत, हे त्यांनी पुरेपूर ऐकलं. १९७८ च्या हंगामानंतर ते कोलोरॅडो विद्यापीठात नोकरीची बोलणी करून आले आणि शेवटी थांबले. त्या काळात विद्यापीठाचे क्रीडा संचालक खुद्द डिव्हेनीच होते. ज्याच्याशी तुलना होत होती, तोच वारसदाराच्या पाठीशी उभा होता.

२ जानेवारी १९८४ ची रात्र. मायामीत, मायामी विद्यापीठाविरुद्ध ऑरेंज बाउलचा सामना. अपराजित, अव्वल मानांकित नेब्रास्का ३१-१७ ने मागे पडून ३१-३० पर्यंत आलेला, घड्याळात ४८ सेकंद उरलेले. चेंडू लाथाडून एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती. तेव्हा जादा वेळ खेळवत नसत, विजेता मतदानाने ठरे, आणि बरोबरीवरही विजेतेपद बहुधा नेब्रास्कालाच मिळालं असतं. ऑसबोर्न यांनी दोन गुणांचा प्रयत्न करायचा ठरवला. टर्नर गिलने फेकलेल्या चेंडूला मायामीच्या बचावपटूचा हात लागला, चेंडू निसटला, विजेतेपद गेलं. जिंकण्यासाठी खेळून हरलेल्या या माणसाला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते १९९४ च्या हंगामात, म्हणजे बाविसाव्या वर्षी. पुढे १९९५ आणि १९९७ चीही विजेतेपदं आली. शेवटच्या पाच हंगामांत साठ विजय आणि फक्त तीन पराभव. या कळसावर असताना ते निवृत्त झाले.

त्यांनीच सुचवलेले वारसदार म्हणजे फ्रँक सोलिच. डिव्हेनींच्या संघात खेळलेले, ऑसबोर्न यांच्या हाताखाली १९७९ पासून राबलेले. घरचाच माणूस. १९९८ ते २००३ या सहा हंगामांत सोलिच ५८ सामने जिंकले आणि १९ हरले. ऑसबोर्न यांचे पहिले सहा हंगाम काढा : ५५ विजय, १६ पराभव, दोन बरोबरी. दोन्ही ताळेबंद शेजारी ठेवले तर फारसा फरक दिसत नाही. उलट सोलिच यांनी १९९९ मध्ये बिग ट्वेल्व्ह या आपल्या कॉन्फरन्सचं, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपद निर्विवाद जिंकलं, २००१ च्या हंगामात त्यांचा क्वार्टरबॅक एरिक क्राउच सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाचा मानकरी ठरला आणि संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला. पहिल्या सहा वर्षांत ऑसबोर्न तिथे पोचले नव्हते. पण लोकांच्या डोळ्यांसमोर पहिल्या सहा वर्षांचे ऑसबोर्न नव्हतेच. होते ते शेवटच्या पाच वर्षांचे.

टीकाकारांची बाजू पोकळ नव्हती, हेही सांगायला हवं. २००१ मध्ये कोलोरॅडोने नेब्रास्काला ६२-३६ असं झोडपलं, अंतिम सामन्यात मायामीने ३७-१४ ने हरवलं. २००२ मध्ये सात विजय, सात पराभव, आणि चाळीस वर्षं चाललेली विजयी हंगामांची मालिका तुटली. २००३ मध्ये टेक्सास आणि कॅन्सस स्टेटविरुद्धचे पराभव मानहानीकारक होते. संघाची धार बोथट होत होती. मात्र सोलिच हातावर हात ठेवून बसले नव्हते. त्यांनी जुने सहकारी बदलले, बचावाची जबाबदारी बो पेलिनी यांच्याकडे दिली आणि २००३ मध्ये नऊ विजय मिळवले.

त्यांतला नववा विजय २८ नोव्हेंबरला कोलोरॅडोच्या मैदानावर मिळाला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, सोलिच यांना काढून टाकण्यात आलं. जेमतेम वर्षभरापूर्वी आलेले क्रीडा संचालक स्टीव्ह पीडरसन यांचं म्हणणं होतं की संघाला सामान्यपणाकडे घसरू देणार नाही. नवा माणूस तयार नव्हता. शोधाशोधीत जवळपास सहा आठवडे गेले आणि व्यावसायिक फुटबॉलमधून बिल कॅलहान आले. नेब्रास्काची ओळख असलेला धावत्या चढाईचा ऑप्शन खेळ त्यांनी मोडीत काढला. २००४ च्या पहिल्याच हंगामात पाच विजय, सहा पराभव. सलग पस्तीस वर्षं हंगामाअखेरच्या बाउल सामन्यात खेळणारा संघ घरी बसला. चार वर्षांत २७ विजय, २२ पराभव. २००७ मध्ये पीडरसन गेले, कॅलहान गेले, आणि घडी बसवायला सत्तरीतल्या ऑसबोर्न यांनाच क्रीडा संचालक म्हणून परत बोलवावं लागलं.

इतकं होऊनही धडा घेतला गेला नाही. ऑसबोर्न यांनी आणलेले पेलिनी सात हंगामांत प्रत्येक वेळी नऊ किंवा दहा सामने जिंकले. त्यांच्या तापटपणाची तक्रार खरी होती, पण नऊ विजय पुरेसे नाहीत हीच जुनी ओरड पुन्हा झाली आणि २०१४ च्या अखेरीस त्यांनाही निरोप मिळाला. २०१७ ते २०२३ हे सातही हंगाम नेब्रास्काने विजयांपेक्षा जास्त पराभव पाहिले. ज्या नऊ विजयांना नाकं मुरडली गेली, ते आता स्वप्नवत वाटावेत अशी स्थिती आली.

प्रामाणिक तुलनेची पहिली अट माझ्या मते ही, की वर्षाशी वर्ष जुळवा. ही अट वारसदाराला सूट देत नाही. सेबन तिसऱ्या हंगामात अपराजित राहून राष्ट्रीय विजेते झाले होते. डिबोअर यांना त्याचंही उत्तर द्यावं लागेल. दुसरी अट, हातात काय आलं ते पाहा. सेबन यांनी पडझड झालेला संघ घेतला. डिबोअर यांना भरलेलं घर मिळालं, पण खेळाडू सहज संघ बदलू शकतात आणि उघडपणे पैसे मिळवतात अशा काळात. भरलेलं घर रिकामं व्हायला आता एक हिवाळा पुरतो. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची : याला काढला तर येणारा याच्याहून चांगला असेल, हे कशावरून? पीडरसन यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

सोलिच नंतर ओहायो विद्यापीठात गेले आणि सोळा हंगामांत ११५ सामने जिंकून सन्मानाने निवृत्त झाले. नेब्रास्काने १९९९ नंतर आजवर एकही कॉन्फरन्स विजेतेपद मिळवलेलं नाही. शेवटचं आहे ते सोलिच यांचं. एप्रिल २०२४ मध्ये विद्यापीठाने त्यांना बोलावून मेमोरियल स्टेडियममध्ये त्यांचा सत्कार केला, हे चांगलंच झालं. पण वीस वर्षांनी केलेल्या सत्काराने गेलेले हंगाम भरून येत नाहीत. ऑसबोर्न मोठे झाले कारण पाच वर्षं ओक्लाहोमाकडून हरूनही त्यांना सहावं वर्ष मिळालं, आणि विजेतेपदाविना एकवीस हंगाम गेल्यावरही बाविसावं मिळालं. ज्या संस्थेने हा धीर एकदा धरला आणि त्याचं फळ चाखलं, तिनेच तो पुढच्या माणसाला नाकारला. सोलिच यांच्या हातून चुका झाल्या असतील, पण नेब्रास्काच्या घसरणीचा मोठा दोष मी त्यांना नव्हे, त्यांना काढणाऱ्यांना देतो.