पटावरची हुशारी

2025 च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यातही घरोघरी पट दिसू लागले. पालक सभेत एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, शतरंज खेळलं की मुलाचं दिमाग तेज होतं ना?" या खेळाच्या जायज-नाजायजपणाबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांच्या मनात तो सवाल असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. मी शिक्षिका आहे. माझ्यापुरता प्रश्न इतकाच, की पटावर जिंकणारं मूल हुशार आणि हरणारं मूल मठ्ठ, असं समजावं का? याचं उत्तर मी स्वतः चूक करून शिकले.

माझ्या शाळेत एकाच घरातली दोन भावंडं होती. त्यांना आपण इम्रान आणि सना म्हणू, खरी नावं वेगळी आहेत. इम्रान आठवीत, सना पाचवीत. इम्रान तालुक्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिला आला. त्याचे अब्बा रिक्षा चालवतात. पेढे घेऊन शाळेत आले आणि म्हणाले, "मॅडम, इसका दिमाग तो कंप्यूटर है!" सना पहिल्याच फेरीत हरली होती. दादीने घरात निकाल देऊन टाकला, "पोरीला डोकं नाही. तिला स्कॉलरशिपला कशाला बसवता?"

पुढच्याच महिन्यात गणिताच्या चाचणीत इम्रानला वीसपैकी चार मार्क पडले. मी भर वर्गात त्याला म्हणाले, "पटावर डोकं चालतं, मग गणितातच का बंद पडतं? कामचोर आहेस तू." हे बोलणं घरी पोचलं. अब्बांनी पट माळ्यावर टाकला आणि इम्रान माझ्याकडे बघेनासा झाला.

मला वाटत होतं, डोकं म्हणजे एकच टाकी. एका नळाला पाणी आलं म्हणजे दुसऱ्यालाही आलंच पाहिजे. पण ज्यांनी या गोष्टीचा अभ्यास केला, त्यांना तसं आढळलं नाही.

अमेरिकेतल्या चेस आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली मांडणी खेळाडूंना फक्त पाच सेकंद दाखवायची आणि मग आठवणीने पुन्हा मांडायला सांगायची. निष्णात खेळाडूने बहुतेक मोहरे बरोबर मांडले, नवशिक्याला चार-पाचच जमले. नंतर तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले. आता निष्णात आणि नवशिका जवळपास सारखेच ठरले! म्हणजे निष्णाताची स्मरणशक्ती सगळीकडे दांडगी नव्हती. हजारो डाव खेळून त्याच्या नजरेत ठराविक आकृत्या बसल्या होत्या. आपण 'कलम' हा शब्द एका नजरेत वाचतो, अक्षरं सुटी सुटी वाचत नाही, तसंच ते.

मग बुद्धीचा काही संबंधच नाही का? आहे, पण थोडा. आधीच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून 2016 साली एक मोठा आढावा निघाला. त्यात बुद्धिमत्ता चाचण्या आणि बुद्धिबळातलं कौशल्य यांचं नातं कमजोर निघालं. मुलांमध्ये आणि नवख्यांमध्ये ते जरा जास्त दिसतं, मुरलेल्या खेळाडूंमध्ये कमी. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या एका चाचणीचा निकालही जाहीर झाला. शंभर प्राथमिक शाळा निवडल्या होत्या. त्यातल्या निम्म्या शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांना 30 तास बुद्धिबळ शिकवलं. वर्षभराने गणिताची परीक्षा घेतली, तेव्हा खेळलेल्या आणि न खेळलेल्या मुलांत फरक आढळला नाही.

इतिहासातलं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. मीर सुलतान खान हे आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबमधल्या एका खेड्यातले. सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी ते चाकरीला होते. देशी नियमांचा खेळ खेळत ते वाढले. विलायती नियम मोठेपणी शिकले. त्यांच्याबरोबर ते इंग्लंडला गेले आणि 1929, 1932 आणि 1933 अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं जिंकली. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका यालाही त्यांनी हरवलं. त्याच घरात चाकरी करणारी फातिमा ही मुलगी 1933 साली ब्रिटनची महिला विजेती झाली. मायदेशी परतल्यावर मात्र सुलतान खान मोठ्या स्पर्धांपासून दूरच राहिले. आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर हा किताब दिला तो 2024 मध्ये, त्यांच्या निधनानंतर जवळपास 58 वर्षांनी. त्यांच्या मालकाच्या घरात पट मांडलेला नसता, तर या दोन नोकरांकडे असं काही आहे हे कुणाला कळलं असतं?

हे सगळं वाचताना मला इम्रान आठवला. मी त्याला थांबवून घेतलं, आधी माफी मागितली आणि एक शाब्दिक उदाहरण वाचायला दिलं. तो 'छेद' या शब्दावर अडला. चौथीपर्यंत तो उर्दू माध्यमात होता, मग घर बदललं आणि मराठी शाळेत आला. अपूर्णांक म्हणजे त्याची 'कसर', अंश म्हणजे 'शुमार कुनिंदा' आणि छेद म्हणजे 'नसब नुमा', हा पूल त्याला कुणी बांधूनच दिला नव्हता. तेच उदाहरण मी उर्दूत सांगितलं आणि त्याने ते दोन मिनिटांत सोडवलं. पटावरचे मोहरे त्याच्या ओळखीचे होते. गणिताचं पान मात्र त्याला विखुरलेल्या मोहऱ्यांसारखं दिसत होतं. तो कामचोर नव्हता. मी, दोन्ही भाषा येणारी शिक्षिका, तीन महिने त्याच्यासमोर उभी राहून हे ओळखू शकले नव्हते.

आम्ही दोघांनी वहीत शब्दांची यादी केली, डावीकडे मराठी, उजवीकडे उर्दू. वार्षिक परीक्षेत तो पास झाला. फार मोठे मार्क नाहीत, पण स्वतःच्या मेहनतीचे. पटही माळ्यावरून खाली आला. सनाच्या अम्मीला मी घरी जाऊन भेटले. दादीसमोरच म्हणाले, "ती एक डाव हरली आहे, अक्कल नाही." सना शिष्यवृत्ती परीक्षेला बसली. यादीत तिचं नाव आलं नाही, पण आता ती सहावीत आहे आणि वर्गातली सगळ्यात जास्त पुस्तकं तीच वाचते. दादी अजून म्हणतात, "देखेंगे." बघूया.

म्हणून पालकांना माझं इतकंच सांगणं आहे. मूल खेळत असेल तर आनंदाने खेळू द्या. हरल्यावर हात मिळवणं, घाई न करणं, आपली चूक पुन्हा तपासणं हे त्याला तिथे शिकता येईल. पण गणित सुधारायचं असेल तर गणितच शिकवावं लागतं. जिंकला म्हणून अपेक्षांचं ओझं लादू नका आणि हरली म्हणून परीक्षेचा फॉर्म फाडू नका. अल्लाहने कुणाच्या झोळीत काय ठेवलंय, ते चौसष्ट घरांत मावत नाही. मूल अडलं, तर "डोकं नाही" म्हणण्याआधी एकदा जवळ बसून विचारा, "बेटा, नेमकं कुठे अडलं?"