दिल्लीची मर्जी नको, हक्क हवा

निवडणूक आली की एकच सूर लागतो: ‘दिल्लीत आमचं सरकार आहे, मग महापौरही आमचाच निवडा, तरच निधी येईल.’ मला हे धमकीसारखं वाटतं. निधी आपल्याच कराचा, तो कोणाची बक्षिसी नाही.

७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. तरीही मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून जास्त काळ मुंबईला महापौरच नव्हता. कारभार राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे होता.

आमच्या विवळवेढ्यात महापौर नाही, सरपंच आहे. पण प्रश्न तोच. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी केली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध त्याआधीपासूनचा. डहाणू अनुसूचित क्षेत्रात येतं. १९९६च्या पेसा कायद्याप्रमाणे इथे भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावीच लागते.

दोस्तांनो, मंचावर कोण कोणाच्या शेजारी बसलं हे मोजू नका. पुढच्या ग्रामसभेला जा, ठराव वाचा, आपलं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. दिल्लीत ओळख असलेला सरपंच किंवा महापौर मिळणं सोपं आहे; दिल्लीला लेखी जाब विचारणारा आपल्यालाच घडवावा लागेल.