अस्तराआडची नावे

दुसऱ्याने वापरलेला कपडा अंगावर घालणे ही आपल्याकडे नाइलाजाची गोष्ट. युरोपात तिची हौस झाली आहे. एखाद्या इटालियन फॅशनकाराने तीस-चाळीस वर्षांपूर्वी काढलेले, जर-मणी-टिकल्यांनी भरलेले रेशमी जाकीट तिथे आज चढ्या भावाने जाते. भाव ठरवते ती कॉलरखालची चिठ्ठी. तिच्यावर फॅशनकाराचे नाव आणि 'मेड इन इटली' असते. टिकल्या कोणी टाकल्या, ते नसते.

असे भरतकाम पुष्कळदा मुंबईत होते. कारचोबाच्या लाकडी चौकटीवर रेशीम ताणायचे आणि भोवती बसून आरीने मणी ओवत जायचे. उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले कारागीर हे काम करतात. भरलेले तुकडे परदेशी जातात, तिथे जाकीट शिवले जाते. शेवटचे भरीव काम जिथे झाले तो कपड्याचा देश, असा नियम आहे. म्हणजे चिठ्ठीत खोटे काही नाही. आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला अशी कागदपत्रे ओळखीची असतात: सह्या ठीक, शिक्के ठीक, आणि ज्याच्या कष्टावर सारे उभे, तो कागदावर कुठेच नाही.

अपवाद आहेत. मारिया ग्राझिया क्युरी या इटालियन बाईंनी ३० मार्च २०२३ रोजी दिओरचा सोहळा थेट गेटवे ऑफ इंडियासमोर केला आणि भरतकाम करणाऱ्या मुंबईच्या 'चाणक्य'चे नाव उघडपणे घेतले. संस्थेचे नाव झाले, हेही थोडके नव्हे. कारागिराचे व्हायचे आहे.

याच्या उलट प्रकार जून २०२५ मध्ये घडला. मिलानमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या, कोल्हापूरचा उल्लेख न करता. ओरड झाल्यावर कंपनीने ऋण मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका मात्र टिकली नाही, कारण २०१९ च्या भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत मालक याचिकाकर्ते नव्हतेच. ते मालक म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटकची चर्मोद्योग महामंडळे. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने करार केला तो त्यांच्याशीच: २,००० जोड, सुमारे ८०० युरोला एक. भावनेने जे जमले नाही, ते नोंदणीच्या एका कागदामुळे सोपे झाले. (कोल्हापूरकरांनी रागावू नये, ओरड झाली नसती तर तो कागद कोणी उघडलाही नसता.)

हे सारे मी नागपुरात बसून लिहितो, त्याला कारण आहे. आपल्या विदर्भाच्या करवत काटीलाही मानांकन आहे. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलातल्या कोषांचे टसर, आणि काठाला करवतीचे दाते. अंगाचा एक आणि दोन्ही काठांचे दोन असे तीन धोटे चालवत, रंग एकमेकांत अडकवत विणावे लागते. उद्या हे टसर मिलानच्या एखाद्या जाकिटात दिसले, तर? भारतातले मानांकन युरोपात आपोआप लागू होत नाही. पण १ डिसेंबर २०२५ पासून युरोपीय संघाने हस्तकलेच्या वस्तूंसाठीही अशी नोंदणी खुली केली आहे. स्पेनमधल्या अलिकांतेच्या कार्यालयात परदेशी उत्पादकांनाही अर्ज करता येतो.

अर्जात वस्तूचे वर्णन, तिचा प्रदेश आणि करण्याची रीत पायरीपायरीने लिहून द्यावी लागते. माझ्या ओळखीचे जे विणकर ती रीत न अडखळता सांगू शकतात, ते सगळे माझ्याच वयाचे आहेत.