ते शब्द अँटिगनीचेच

२८ मार्च १८२७ रोजी आपला सहायक एकेरमान याच्याशी बोलताना जर्मन कवी गटेने ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ नाटकाविषयी एक इच्छा बोलून दाखवली. मरणाच्या दारात उभी असलेली नायिका जे बोलते, त्यातला एक तुकडा त्याला फार खटकत होता. तो मूळचा नाही, मागाहून कोणीतरी घुसडला आहे, असे एखाद्या व्यासंगी पंडिताने सिद्ध करून दाखवावे, असे त्याला वाटत होते. तशी शंका त्याच्याआधीही घेतली गेली होती, आणि पुढे तर तिला मोठी प्रतिष्ठा मिळाली. रिचर्ड जेब यांच्यासारख्या मातब्बर संपादकानेही तो उतारा प्रक्षिप्तच मानला. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ते शब्द काढले तर अँटिगनी नावाची मुलगी नाटकातून निघून जाते आणि तिच्या जागी एका तत्त्वाचा पुतळा उभा राहतो.

कथा थोडक्यात सांगतो. थीब्जचा राजा इडिपस याच्या दोन मुलांनी गादीसाठी एकमेकांचा जीव घेतला. त्यांचा मामा क्रिऑन राजा झाला. इटिओक्लीस शहराच्या बाजूने लढला म्हणून त्याचे इतमामाने दफन झाले. पॉलिनायसीस परके सैन्य घेऊन चालून आला म्हणून त्याचे प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर टाकले गेले. जो कोणी त्याला मूठमाती देईल त्याला दगडांनी ठेचून मारायचे, असा हुकूम निघाला. अँटिगनी ही त्यांची बहीण. क्रिऑनचाच मुलगा हेमॉन याच्याशी तिचे लग्न ठरलेले आहे. ती भावाच्या प्रेतावर माती टाकते आणि पकडली जाते. इसवीसनापूर्वी ४४१च्या सुमारास अथेन्समध्ये या नाटकाचा पहिला प्रयोग झाला असे मानले जाते.

वादाच्या ओळी ९०४ ते ९२० या आहेत. दगडांनी मारण्याऐवजी जिवंतपणी गुहेत कोंडण्यासाठी तिला नेत असताना ती म्हणते की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी शहराच्या इच्छेविरुद्ध हे कष्ट केले नसते. नवरा गेला तर दुसरा मिळू शकतो, मूल गेले तर दुसऱ्या पुरुषापासून होऊ शकते. पण आई-वडील पाताळात गेल्यावर भाऊ पुन्हा जन्माला येणार नाही. या हिशेबाने मी तुझा मान राखला, असे ती मेलेल्या भावाला सांगते.

पूर्वपक्ष तगडा आहे, तो कमी लेखून चालणार नाही. याच मुलीने साडेचारशे ओळींपूर्वी क्रिऑनला तोंडावर सांगितले होते की देवांचे अलिखित, अढळ कायदे तुझ्या हुकमापेक्षा मोठे आहेत. ते कायदे सगळ्याच मृतांना लागू असतील, तर नवरा आणि मूल त्यातून वगळले कसे? शिवाय हा युक्तिवाद हिरोडोटसच्या इतिहासातून उचललेला दिसतो. इराणचा सम्राट दारियस याने इंटाफ्रेनीसच्या कुटुंबातल्या पुरुषांना मृत्युदंड दिला आणि त्याच्या बायकोला त्यांतला एक जीव मागून घ्यायला सांगितले, तेव्हा तिने भावाला मागितले, आणि कारण हेच दिले. तिथे ते शोभते, कारण तिथला भाऊ वाचणार होता. इथला भाऊ तर मेलेला आहे. दुसरा भाऊ होणार नाही, याचा मेलेल्याला पुरण्याशी संबंध काय? आणि या सगळ्याच्या तळाशी एक न बोललेला आक्षेप आहे: इतक्या उदात्त नायिकेला असे रोखठोक, हिशेबी बोलणे शोभत नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर तिच्याच पहिल्या भाषणांत आहे. अलिखित कायद्यांचे ते प्रसिद्ध भाषण पूर्ण वाचावे. देव, न्याय, अनादी नियम हे सगळे बोलून झाल्यावर ती कुठे येते? माझ्या आईच्या पोटचा मुलगा मरून पडला आणि मी त्याला तसाच सोडला असता, तर मला दुःख झाले असते, असे ती सांगते. मरणाचे तिला दुःख नाही, याचे झाले असते. म्हणजे कायद्याच्या सर्वोच्च शिखरावरही ती मानवमात्राबद्दल बोलत नाही, एका घरातल्या एका मुलाबद्दल बोलते. थोड्याच वेळात क्रिऑन तिला पेचात धरू पाहतो: ज्याने शहर वाचवले आणि ज्याने शहर जाळायला सैन्य आणले, त्यांना सारखाच मान द्यायचा? तेव्हा ती उत्तर देते की मेला तो गुलाम नव्हता, भाऊ होता. हे वाक्य आजच्या वाचकाला बोचते, आणि बोचावेच. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. कोणाही बेवारस प्रेताला मी मूठमाती देईन, असा दावा तिने कधीच केला नव्हता. तो दावा आपण तिच्या तोंडी घातला, आणि तिने तो पाळला नाही म्हणून तिच्याच ओळींवर काट मारायला निघालो. ग्रीक समाजात मृताला न्हाऊ घालणे, त्याच्यासाठी विलाप करणे ही घरच्या बायकांची जबाबदारी होती. देवाचा कायदा तिला याच नात्याच्या वाटेने माहीत झाला आहे. आई-वडिलांना आणि इटिओक्लीसला आपण स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले, कबरीवर अर्घ्य वाहिले, हे ती वादग्रस्त ओळींच्या जरा आधीच सांगते.

क्रिऑनसमोर ती देवांची भाषा बोलते, कारण समोर राजा आहे आणि तो शहराच्या कायद्याची भाषा बोलतो आहे. हुकूम माहीत होता का, असे विचारल्यावर ती नाकारत नाही, रडत नाही, अज्ञानाचे सोंग घेत नाही. माहीत होता, सगळ्यांनाच माहीत होता. तिच्या त्या लहान लहान उत्तरांत मला तिचे वय दिसते. प्रौढ माणूस बचावासाठी एखादी फट ठेवतो. ही मुलगी दार सताड उघडते, आणि वर म्हणते की मी तुला मूर्ख वाटत असेन, तर मला मूर्ख ठरवणाराच कदाचित मूर्ख असेल. थीब्जच्या वृद्ध नागरिकांचा समूह त्यावर म्हणतो की ही बापासारखीच कडक आहे. बरोबरच आहे. पण तो कडकपणा तत्त्वज्ञाचा नव्हे. शेतातल्या त्या उघड्या प्रेतावरची माती पहारेकऱ्यांनी झाडून टाकल्याचे दिसले, तेव्हा ती रिकामे घरटे पाहिलेल्या पक्षिणीसारखी किंचाळली होती, असे पहारेकरी सांगतो. या दोन्ही मुली एकच आहेत.

बहिणीशी ती कशी बोलते याकडे बहुतेक भाष्यकार घाईने पाहतात. पहिल्या प्रवेशात इस्मिनी घाबरते, नको म्हणते. अँटिगनी ताबडतोब दुरावते: आता तू आलीस तरी मला नको. इस्मिनी निदान गुपित राखायचे वचन देते, तर ही म्हणते, गप्प बसलीस तर तू मला जास्तच नकोशी होशील, जा, सगळ्यांना ओरडून सांग. यातला राग मी झाकणार नाही. प्रेम तोलून पाहणाऱ्या, एकदा नाही ऐकले की कायमची पाठ फिरवणाऱ्या वयाचा तो राग आहे. पण दुसऱ्या प्रवेशात काय होते पाहा. क्रिऑनला इस्मिनीवरही संशय आहे, त्याने तिला बोलावून घेतले आहे. इस्मिनी येते आणि आपणही सामील होतो असे सांगते. अँटिगनी ते साफ फेटाळते: तू नको म्हणालीस, मी तुला बरोबर घेतले नाही, मी एकटी मरेन ते पुरे. शब्द तोडून टाकणारे आहेत, त्यांत दुखावलेपण आहे, टोमणाही आहे. पण राजाच्या समोर, साक्षीदारांच्या देखत काढलेले हे उद्गार इस्मिनीच्या निर्दोषत्वाची साक्षही ठरतात. तू स्वतःला वाचव, तुझ्या सुटकेचा मला हेवा नाही, असेही ती म्हणते. पुढे क्रिऑन इस्मिनीला सोडून देतो, कारण तिचा हात या कामाला लागलेला नाही. निव्वळ तुसडेपणा म्हणून या संवादाची बोळवण करणाऱ्यांना हा परिणाम दिसत नाही, आणि निव्वळ त्याग म्हणून त्याचा गौरव करणाऱ्यांना तो टोमणा ऐकू येत नाही.

याच प्रवेशात ५७२वी ओळ येते. प्रिय हेमॉन, तुझा बाप तुझा किती अपमान करतो आहे, अशा अर्थाचा तो उद्गार आहे. हस्तलिखितांत तो इस्मिनीचा आहे. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५०२ मध्ये सोफोक्लीस छापला तेव्हा तो अँटिगनीच्या तोंडी गेला, आणि नंतरच्या अनेक संपादकांनी तो तिथेच ठेवला. का, हे उघड आहे. नायिकेने नायकाचे नाव एकदा तरी घ्यावे, ही प्रत्येकाची हौस असते. पण लग्नाचा विषय इस्मिनीने काढला आहे, वाद तिचा आणि क्रिऑनचा चालू आहे, आणि ती ओळ त्या वादात चपखल बसते. अँटिगनी गप्प आहे. हस्तलिखितांवर विश्वास ठेवला तर संपूर्ण नाटकात ती हेमॉनचे नाव एकदाही उच्चारत नाही. ९०४ ते ९२० काढून टाकणारे आणि ५७२ तिला देणारे हात एकाच वृत्तीचे आहेत. पहिले तिला न शोभणारे बोलणे तिच्याकडून काढून घेतात, दुसरे तिला शोभेल ते बोलणे आणून देतात.

मात्र हेमॉनचे नाव न घेणारी ही मुलगी लग्नाबद्दल बोलत नाही असे नाही. शेवटच्या विलापात ती सतत त्याचबद्दल बोलते. माझ्यासाठी मंगलगीत झाले नाही, माझे लग्न पाताळातल्या नदीशी लागणार, ही कबर हीच माझी लग्नाची खोली, मला मूल वाढवायला मिळाले नाही. काही वेळापूर्वी लवकर मरणे हा लाभच आहे म्हणणारी हीच का, असे विचारणारे लोक आहेत. हीच. तेव्हा समोर वैरी होता. आता तिच्याभोवती वृद्ध नागरिक आहेत, आणि त्यांच्याकडून तिला एक कनवाळू शब्द हवा आहे. ती स्वतःची तुलना दगड झालेल्या नायोबीशी करते, तर ते म्हणतात, ती देवकुळातली होती, तू मर्त्य आहेस. तिला ते हिणवल्यासारखे लागते. मग ते तिला सांगतात की तू धाडसाच्या टोकाला गेलीस, बापाचे भोगते आहेस. त्यांनी तिच्या घरातली सगळ्यात दुखरी जखम उघडली आहे. क्रिऑनसमोर ती म्हणाली होती की भीतीने यांची तोंडे बंद नसती तर हे सगळे माझ्याच बाजूने बोलले असते. आता तोंडे उघडली आहेत, आणि ते तिच्या बाजूने बोलत नाहीत.

वादातल्या ओळी इथे येतात, आणि म्हणूनच त्या इथेच यायला हव्यात. माणसे दूर झाली, देव गप्प आहेत. तेव्हा ती ज्याच्यासाठी हे केले त्या एका माणसाशी बोलते, आणि मी हे का केले, याचे तिला उरलेले सगळ्यात खासगी कारण सांगते. ते कारण तर्काला पुरेसे उतरत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण तो सोफोक्लीसला समजला नसेल असे मानणे मला धाडसाचे वाटते. आणि नवरा-मुलांविषयीची तिची बेफिकिरी कोणाची आहे? जिला नवरा नव्हता, मूल नव्हते, आणि आता कधी होणारही नाही, अशा मुलीची. भाऊ मात्र होता. त्याचे प्रेत तिने पाहिले आहे.

हिरोडोटसची उसनवारी म्हणणाऱ्यांना आपल्याकडचे दोन दाखले सांगावेसे वाटतात. उच्छंग जातकात कोसलच्या राजापुढे नवरा, मुलगा आणि भाऊ यांपैकी एकाची सुटका मागायची वेळ एका बाईवर येते. ती भावाला मागते, कारण देते ते हेच. वाल्मीकीच्या युद्धकांडात लक्ष्मण निपचित पडलेला पाहून राम म्हणतो की बायका कोणत्याही देशात मिळतील, पण सख्खा भाऊ मिळेल असा देश मला दिसत नाही. हे तो कुठे उभा राहून म्हणतो? लंकेच्या रणांगणात, सीतेला सोडवण्यासाठी मांडलेल्या युद्धात. तर्काने पाहिले तर अँटिगनीपेक्षा रामाचे वाक्य जास्त विसंगत आहे. तरी ऐकणाऱ्याला कळते की या क्षणी बोलतो आहे तो शोक, आणि शोक समोर पडलेल्या माणसाच्या तुलनेत बाकी सगळे जग बदलून मिळण्यासारखे मानतो. एवढ्या दूरदूरच्या कथांत हा विचार भेटतो, तर त्यावर हिरोडोटसची मालकी सांगण्यात फारसा अर्थ नाही. सोफोक्लीसने तो त्याच्याकडून घेतलाही असेल. घेतलेली गोष्ट कोणाच्या तोंडी आणि कोणत्या घडीला घातली, हे बघायचे. अॅरिस्टॉटल आपल्या वक्तृत्वशास्त्राच्या तिसऱ्या खंडात याच ओळींचा दाखला देतो: एखादी गोष्ट अविश्वसनीय वाटेल तेव्हा कारण द्यावे, सोफोक्लीसने दिले तसे. त्याला त्या विचित्र वाटल्या असाव्यात, परक्या वाटल्या नाहीत.

तत्त्वज्ञ हेगेलने या नाटकाचा जो अर्थ लावला, त्याविषयी एवढेच म्हणतो की कुटुंबाचा कायदा आणि राज्याचा कायदा यांची टक्कर, दोघेही आपापल्या जागी बरोबर, ही त्याची मांडणी क्रिऑनला जितकी लागू पडते तितकी तिला पडत नाही. क्रिऑन कायदा म्हणून बोलतो, आणि प्रसंग आल्यावर तो मागेही घेतो. ती कायदा म्हणून क्वचित बोलते, आणि मागे काहीच घेत नाही.

त्या ओळींनंतर ती देवांकडे वळते. मी देवांचा कोणता नियम मोडला? माझ्यासारख्या अभागिनीने आता त्यांच्याकडे पाहायचे तरी का? हे जर देवांना मान्य असेल तर सोसल्यावर मला कळेल की मी चुकले. आणि हे लोक चुकत असतील, तर ते माझ्याशी जितके अन्यायाने वागले त्याहून जास्त त्यांच्या वाट्याला न येवो. या प्रार्थनेत शंका आहे, शाप आहे, आणि शापालाही तिने माप घातले आहे. अलिखित कायद्यांचे भाषण ठोकणारी निःशंक वीरांगना एकदम इथे पोचू शकत नाही. मधल्या सतरा ओळींत ती आपल्या कृतीचे कारण आक्रसत आक्रसत एका भावापर्यंत आणते, तेव्हाच पुढची शंका तिच्या तोंडी खरी वाटते. त्या गाळल्या तर ती कबरीपाशी बोलता बोलता एका श्वासात देवांवर शंका घेऊ लागते आणि प्रेक्षकाला वाट सापडत नाही.

नाटक १३५३ ओळींचे आहे. ती ९४३व्या ओळीवर बोलायची थांबते आणि पुन्हा दिसत नाही. गुहेत तिने गळफास घेतल्याचे निरोप्याच्या तोंडून कळते. उरलेल्या चारशे ओळी क्रिऑनच्या आहेत आणि प्रयोगात त्यांना कात्री लागताना सहसा दिसत नाही. लांबी कमी करायची म्हणून किंवा नायिका ‘उठावदार’ व्हावी म्हणून दिग्दर्शकाची पेन्सिल जाते ती बहुधा ९०४पाशी. मराठीत जे कोणी हे नाटक पुढे भाषांतरित करतील किंवा रंगमंचावर आणतील, त्यांच्याकडे माझे मागणे आहे की या ओळी ठेवा, आणि नटीला त्या मवाळ करून म्हणायला सांगू नका. नवरा दुसरा मिळेल, हे तिने स्वच्छ आवाजात, प्रेक्षकांना अवघडवत म्हणू द्या.