वीज नव्हे, न्यूट्रल

जूनचा पहिला आठवडा. छत्रपती संभाजीनगरात, चिकलठाण्याच्या जुन्या गावातल्या एका दुकानात आम्ही चहा घेत बसलो होतो आणि तासाभरात एकाच गल्लीतले तीन एलईडी टीव्ही काउंटरवर येऊन पडले. तिघांचं म्हणणं एकच, "वीज पडली, साहेब." बाहेर कडक ऊन होतं. दुकानदाराने पहिल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "दादा, त्या वेळी शेजाऱ्याकडचे दिवे कसे होते?" तो जरा गोंधळला, मग आठवून म्हणाला, "त्यांच्याकडं तर लाइट एकदम मंद झाली होती. पंखा फिरेचना."

निदान तिथंच झालं. मागचं कव्हर नंतर उघडलं.

वळवाच्या दिवसांत आपल्याकडे 'सर्ज' हा शब्द फार स्वस्त होतो. आभाळातली वीज आणि तुटलेला न्यूट्रल ही दोन दुखणी आपण एकाच नावाने मिटवतो, आणि म्हणून तोच सेट महिन्याभरात परत येतो. डीपीपासून मीटरपर्यंत कुठंतरी सामाईक न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं ४१५ व्होल्टवर सिरीजमध्ये येतात. ढोबळ हिशेब करून पाहा, तिसरी फेज तूर्त बाजूला ठेवू. एका घरात २००० वॅटचा गीझर चालू आहे, दुसऱ्यात टीव्ही-दिवे मिळून २०० वॅट. गीझरवाल्याच्या वाट्याला जेमतेम ३८ व्होल्ट येतात, टीव्हीवाल्याच्या वाट्याला ३७७. ब्रिज रेक्टिफायरच्या पुढे हे ५३३ व्होल्ट डीसी होतात आणि मेन कपॅसिटरवर छापलेले असतात ४५०. टोपी फुगणारच.

सेट स्वतःच साक्ष देतो, फक्त ती वाचायला हवी. फ्यूजची काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे डेड शॉर्ट आहे. नुसती तार तुटली असेल आणि काच स्वच्छ असेल तर प्रकरण सौम्य. फ्यूजच्या शेजारची ती निळी चकती, म्हणजे एमओव्ही, फुटून काजळी उडाली असेल तर व्होल्टेज बराच वेळ चढलेलं राहिलं होतं. ४७१ छापलेला एमओव्ही सलग ३०० व्होल्ट एसीपर्यंतच तग धरतो. तो मायक्रोसेकंदांचे झटके गिळायला आहे. मिनिटभर ३७७ व्होल्ट मिळाले की तो तापून शॉर्ट होतो, फ्यूज उडवतो आणि बऱ्याचदा स्वतःचा बळी देऊन पुढचा एसएमपीएस वाचवतो. याउलट पॉवर सप्लाय ठणठणीत आहे, स्टँडबायचे ५ व्होल्ट मिळताहेत, पण एचडीएमआय किंवा ट्यूनरचा भाग मेला आहे, तर झटका मेनमधून आलाच नाही. तो डिशच्या केबलमधून किंवा लॅनच्या तारेतून उतरला. तिथं पॉवर बोर्ड बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाला कात्री.

आता आपल्याच धंद्यातलं एक पाप. शॉर्ट झालेला एमओव्ही कटरने उडवायचा, नवा फ्यूज टाकायचा, सेट चालू करायचा आणि "झालं, घ्या" म्हणायचं. सेट चालतो, हे खरं. पण पुढच्या वेळी मॉस्फेट, त्याची आयसी आणि ब्रिज सगळंच जातं. काही स्वस्त बोर्डांवर तर एमओव्हीची जागा छापलेली असते आणि भाग लावलेलाच नसतो. तिथं तो आपण होऊन लावून द्यावा. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडणाऱ्यांबद्दल या पानावर लिहिण्यासारखं काही नाही.

दुरुस्तीनंतर सेट थेट मेनवर लावू नका. ६० किंवा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर शॉर्ट अजून आतच आहे. आणि मेलेल्या सेटला मेलेला समजू नका. एसएमपीएस ओपन होऊन थांबला असेल तर मेन कपॅसिटरमधला चार्ज ओढणारं कुणी उरत नाही, प्लग काढल्यावरही तो ३२५ व्होल्ट धरून बसतो. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडायची जुनी सवय सोडा, वायरवाउंड रेझिस्टरने तो उतरवा.

पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनत, त्या काळापासून या शहराला सोल्डरिंगचा हात आहे. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, हात मात्र इथंच राहिले. म्हणून 'बोर्ड बदला नाहीतर नवा घ्या' हे उत्तर निदान चिकलठाण्यातून तरी येऊ नये.

त्या गल्लीतले तिन्ही टीव्ही दुरुस्त झाले. पण दुकानदाराने ते लगेच नेऊन दिले नाहीत. आधी तो मीटर घेऊन एका घरी गेला, इस्त्री लावली आणि फेज-न्यूट्रल मोजलं. २३० वरून आकडा ७० व्होल्टने खाली आला. सुस्थितीतल्या लाइनवर तो थोडाच उतरतो. गल्लीकरांना त्याने तक्रार नोंदवायला लावली, खांबावरचा सांधा दुरुस्त झाला आणि मगच सेट भिंतीवर चढले. व्यावसायिक बांधवांना विनंती एवढीच की या पावसाळ्यात इस्त्रीची ही चाचणी बिलात एक ओळ म्हणून लिहा आणि तिचे पैसे घ्या. जिथं न्यूट्रलची शंका राहील तिथं जास्त व्होल्टेजला सप्लाय तोडणारा कट-ऑफ बसवायला सांगा. नुसत्या स्पाइक-बस्टरचं तिथं काही चालत नाही.