अनुदान किलोवॅटचे, जोखीम जनतेची

नागपुरात मे-जूनचे वादळ अनपेक्षित नव्हे. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागाने या शहरासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरला आहे. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे 118 किलो भरतो. तेवढ्याच सौर पॅनेलचे वजन मात्र जेमतेम अकरा किलो! तिरपे पॅनेल पंखासारखे उचलले जाते, गच्चीच्या कडांना व कोपऱ्यांना तर अधिकच. त्याला धरून ठेवतात केवळ सांगाडा आणि बोल्ट.

2024 साली सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना तीन किलोवॅटला 78,000 रुपये देते. अनुदान ठरते ते किलोवॅटवर. सांगाड्याच्या मजबुतीवर त्यातील एक पैसाही ठरत नाही. मग स्पर्धेतला कंत्राटदार काटकसर कोठे करणार? क्षमता कागदावर दिसते. लोखंडाची जाडी, जस्ताचा थर, बोल्टची खोली दिसत नाही. कात्री तेथेच लागते. नफा कंत्राटदाराचा, कर्जाचे हप्ते गृहस्थाचे, आणि उडालेले पॅनेल कोसळणार ते शेजारच्या टिनाच्या छपराखालील श्रमिकावर! वेगाचा आकडा छापून ठेवलेला असताना याला दैवी आपत्ती म्हणणे ही जबाबदारी झटकण्याची युक्ती होय.

विकेंद्रित ऊर्जेला समाजवाद्यांचा विरोध असूच शकत नाही. मागणी एवढीच, की वाऱ्याचा हिशेब तपासून स्वतंत्र अभियंत्याने सही केल्याखेरीज अनुदान सुटू नये, आणि त्या तपासणीचा खर्च शासनाने सोसावा. प्रत्येक शाखेने ही मागणी पुढच्या उन्हाळ्यापूर्वी महावितरण व महानगरपालिकेच्या दारी न्यावी.