दुधाची फॅट मोजली, औषधाचं काय?

आंबेगाव तालुक्यातल्या लोणीसारख्या गावात गायीच्या दुधाचा भाव संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ पाहून ठरतो. ३.५ आणि ८.५ हे आकडे शेतकऱ्याला तोंडपाठ असतात. पण फॅट मोजणारं ते मशीन अँटिबायोटिकचे अंश दाखवत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी-पट्टी लागते. ती टँकरच्या दुधाला लावली, तर तोवर एका गायीचं दूध शेकडो लिटरमध्ये मिसळून गेलेलं असतं.

हे अंश येतात मुख्यतः कासदाहाच्या उपचारातून. सडात सोडलेलं औषध दुधात उतरतंच. लेबलवर मुदत दिलेली नसेल तर नियमानुसार किमान ७ दिवस ते दूध वापरायचं नसतं. दोन गायींवर घर चालवणाऱ्याने आठवडाभराचं दूध ओतून द्यायचं कसं? भरपाई नसेल तर हा नियम कागदावरच राहणार, असं माझं मत आहे.

एफएसएसएआयच्या २०१८ च्या देशव्यापी सर्वेक्षणात ६,४३२ पैकी ७७ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडले. म्हणजे दूध बंद करण्याचं कारण नाही. मात्र उकळल्याने हे अंश पूर्ण जात नाहीत. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना त्यांचा त्रास होऊ शकतो. रतिबाच्या दुधाला चांगलं विरजण लावूनही दही लागत नसेल, तर थंडी हेही कारण असू शकतं. तरी गायीला नुकतं औषध दिलं होतं का, हे गवळ्याला जरूर विचारा.